एका ओळीचा पॅच आणि त्यामागचा वाद

वेबसाइटवर कोण येते, कुठून येते आणि काय वाचते याची मोजदाद करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरपैकी मातोमो हे जुने आणि भरवशाचे. २०१८च्या जानेवारीपर्यंत ते पिविक या नावाने ओळखले जाई. आपल्या वाचकांची माहिती परक्या कंपनीच्या हाती द्यायची नाही असे ठरवणारे लोक ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवतात. आलेला पाहुणा कोणत्या देशातला, कोणत्या शहरातला हे कळावे म्हणून मातोमो त्याचा आयपी पत्ता सर्व्हरवरच्याच एका फाइलमध्ये शोधते, म्हणजे तो पत्ता बाहेर कुणाला पाठवावा लागत नाही. ही फाइल कुठे असेल हे प्रोग्रॅममध्ये एका ओळीत लिहिलेले आहे : प्रोग्रॅमचे मूळ फोल्डर आणि त्यातले 'मिस्क'. साध्या होस्टिंगवर हे चालून जाते. निक्स या पॅकेज व्यवस्थापकावर उभारलेल्या निक्सओएस या लिनक्सवर मात्र बसवलेला प्रत्येक प्रोग्रॅम '/निक्स/स्टोअर'मध्ये राहतो आणि ते स्टोअर रीड-ओन्ली असते. तिथे फाइल उतरवायला गेले की कर्नल त्रुटी क्रमांक ३० देऊन मोकळा होतो. निक्सच्या पॅकेजसंग्रहात यासाठी एक छोटा पॅच ठेवलेला आहे. तो त्या ओळीतली जागा बदलतो आणि फाइल लिहिता येईल अशा, बहुधा '/व्हार/लिब'खालच्या, फोल्डरकडे वळवतो. हाच उपाय योग्य आहे असे माझे मत आहे. पण त्याविरुद्ध जे बोलले जाते ते पोकळ नाही, म्हणून आपल्याकडच्या जुन्या रीतीने पूर्वपक्ष आधी पूर्ण बोलू द्यावा आणि मग उत्तर द्यावे, हे बरे.

पूर्वपक्ष : एवढ्याशा गोष्टीसाठी मूळ लेखकांच्या कोडला हात लावायचा कशाला? फाइल 'मिस्क'मध्ये ठेवा असे ज्यांनी प्रोग्रॅम लिहिला तेच सांगतात. जगभरचे प्रशासक तेच वाचून काम करतात. पॅकेज बांधणाऱ्याने जागा बदलली की त्या सूचना त्याच्या वापरकर्त्यांपुरत्या खोट्या ठरतात, आणि अडलेला माणूस मदत मागायला गेला तर त्याला मदत करणाराही चुकीच्या फोल्डरमध्ये शोधत बसतो. अडचण फक्त लिहिण्याच्या परवानगीची आहे. 'मिस्क'वर लिहिता येणारे एक फोल्डर माउंट करा, किंवा पॅकेजमध्ये 'मिस्क'च्या जागी बाहेर नेणारी सिमलिंक ठेवा. काम झाले. रीड-ओन्लीचा सोवळेपणा इतका कडक कशाला हवा?

उत्तरपक्ष : सोवळेपणा म्हणून हे बाजूला सारण्याआधी ते कुठून आले ते पाहा. लिनक्समध्ये कोणती फाइल कुठे असावी याचे पहिले लेखी प्रमाण १९९४मध्ये निघाले, आणि त्याच परंपरेतल्या आजच्या प्रमाणात स्पष्ट लिहिले आहे की '/युएसआर' रीड-ओन्ली माउंट करता यावे यासाठी '/व्हार' वेगळे काढले आहे. एका सर्व्हरवरचे '/युएसआर' अनेक बिनडिस्कच्या यंत्रांनी मिळून वापरायचे, हा त्यामागचा जुना व्यवहार होता. जे सर्वांचे आणि स्थिर आहे ते एकीकडे, जे या यंत्राचे आणि बदलते आहे ते दुसरीकडे. म्हणजे निक्सने नवे काही लादलेले नाही. जी वाटणी आधीपासून कागदावर होती ती त्याने सक्तीची केली, एवढेच. मातोमोची ती ओळ या वाटणीच्या विरुद्ध होती आणि रीड-ओन्ली डिस्कने ते उघडे पाडले.

आता तुमचे दोन उपाय जवळून पाहू. लिहिता येणारे 'मिस्क' निक्समध्ये टिकत नाही, कारण स्टोअरमधल्या प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरच्या नावात बांधणीवरून काढलेला बत्तीस अक्षरांचा हॅश असतो. मातोमोची आवृत्ती बदलली की फोल्डरच बदलते, आणि जुन्यात उतरवलेली फाइल जुन्यातच राहते. प्रत्येक अपग्रेडनंतर ती पुन्हा उतरवायची. माउंट केले तर ते दर आवृत्तीला नव्या फोल्डरवर हलवत बसायचे. राहिली सिमलिंक. पण 'मिस्क'मध्ये फक्त ही फाइल नसते. सर्व्हरचे लॉग आयात करणारी पायथन स्क्रिप्ट तिथेच असते, क्रॉनसाठीच्या गोष्टी तिथे असतात, आणि वापरकर्त्याने चढवलेला लोगोही त्यातल्याच एका उपफोल्डरात जातो. लेखकांनी दिलेले आणि वापरणाऱ्याने निर्माण केलेले एकाच फोल्डरात मिसळले आहे. सगळे 'मिस्क' बाहेर नेले तर लेखकांनी दिलेल्या स्क्रिप्टा झाकल्या जातात. पॅच त्या मिश्रणातून फक्त भूस्थानाची फाइल उचलतो, आणि म्हणूनच तो लहान राहतो.

सुरक्षेची बाजू तर याहून गंभीर आहे. ज्या खात्याने वेब प्रक्रिया चालते, त्याच खात्याला प्रोग्रॅमच्या फोल्डरात लिहिता येत असेल, तर फाइल चढवण्यातली एखादी साधी चूक थेट परका पीएचपी कोड चालवण्यापर्यंत जाते. पीएचपीच्या जगात असे किती सर्व्हर हातचे गेले असतील याची मोजदाद नाही. शिवाय 'मिस्क' वेबच्या मुळाखाली असते. त्याला बाहेरून कुणी हात लावू नये म्हणून एचटीअॅक्सेस फाइल ठेवली, तरी ती अपाचे वाचतो, एन्जिनएक्स वाचत नाही. तिथे नियम वेगळा लिहावा लागतो, आणि तो राहून गेला तर फाइल कुणीही उतरवून घ्यावी. बदलती फाइल वेबच्या मुळाबाहेर नेली की हा प्रश्नच उरत नाही.

पूर्वपक्ष : ठीक आहे, परवानगी सैल करणे चुकीचे, हे मान्य. पण मग तुमचे तत्त्व शेवटपर्यंत न्या ना! सगळे स्थिर हवे असेल तर ही फाइलही पॅकेजमध्येच बांधा. अशा फाइला तयार करणाऱ्या डीबी-आयपी कंपनीच्या लाइट फाइला सीसी-बीवाय ४.० परवान्याने मिळतात, म्हणजे श्रेय देऊन वाटायला कुणाची आडकाठी नाही. निक्सच्या संग्रहात त्या पॅकेज म्हणून आहेतही. फाइल हॅशने बांधलेली असली की आज इथे जे उत्तर येते तेच उद्या दुसऱ्या यंत्रावर येईल. काही बिघडले तर मागच्या पिढीवर, म्हणजे यंत्राच्या आधीच्या जपून ठेवलेल्या स्थितीवर, परत जाता येते. याउलट तुमच्या व्यवस्थेत चालू सर्व्हर दर महिन्याला स्वतःहून इंटरनेटवर जाणार, कुठूनतरी फाइल उतरवणार आणि आधीची काढून टाकणार. निक्सचे जनक एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६च्या उट्रेख्त विद्यापीठातल्या प्रबंधात जी शिस्त मांडली, ती याच बेभरवशाच्या गोष्टी हटवण्यासाठी होती. तुम्ही तीच मागच्या दाराने आत घेता आहात.

उत्तरपक्ष : तुमचा हा मुद्दा सगळ्यांत भारी आहे, आणि त्याचे उत्तर तत्त्वात शोधून मिळणार नाही, त्या फाइलच्या स्वभावात मिळेल. प्रोग्रॅम जुना होतो तो कुणीतरी नवा लिहिला म्हणून. ही फाइल जुनी होते ती जग बदलले म्हणून, मग तिला कुणी हात लावो न लावो. आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी पत्ते वाटणाऱ्या एपनिक संस्थेकडचा आयपीव्ही४ पत्त्यांचा शेवटचा मोठा गठ्ठा १५ एप्रिल २०११ रोजी उघडावा लागला, आणि युरोपातल्या राइप एनसीसीचे पत्ते २५ नोव्हेंबर २०१९ रोजी संपले. तेव्हापासून मोठ्या संख्येने नवे पत्ते हवे असणाऱ्याला ते बहुधा दुसऱ्याकडून विकत घ्यावे लागतात. काल एका देशातल्या कंपनीकडे असलेला गठ्ठा आज दुसऱ्या खंडातल्या कंपनीकडे जातो. या हालचालींचा हिशेब ठेवणारी फाइल डीबी-आयपी महिन्याला काढते आणि मॅक्समाइंड ही दुसरी कंपनी आपली जिओलाइट२ आठवड्यातून दोनदा काढते. निक्सओएसची स्थिर आवृत्ती मात्र वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरात येते. या दोन वेगांची गाठ एकाच पॅकेजमध्ये मारली तर एक कुणीतरी दुसऱ्याला ओढत नेणार. एक तर प्रोग्रॅमला हात न लावता दर महिन्याला पॅकेज पुन्हा बांधायचे, नाही तर शिळ्या फाइलवर सहा महिने काढायचे. पंचांग दरवर्षी बदलते म्हणून आपण ते भिंतीत चिणत नाही. भिंतीत खिळा पक्का ठोकतो आणि पंचांग त्याला अडकवतो. पाथ हा तो खिळा आहे. तो पॅकेजमध्ये पक्का असावा, त्यावर काय टांगले आहे ते बदलते राहू द्यावे.

शिळेपणाने असे काय मोठे बिघडते, असे कुणी म्हणेल. बिघडते, कारण मातोमो ठिकाणाचा शोध अहवाल काढताना घेत नाही. भेट नोंदली जाते त्याच क्षणी देश आणि शहर त्या भेटीच्या ओळीत लिहिले जाते. पुढच्या आठवड्यात नवी फाइल आली तरी जुन्या ओळी आपणहून सुधारत नाहीत. त्या पुन्हा तपासण्याची आज्ञा कन्सोलमध्ये आहे, पण तिला काम करायला साठवलेला आयपी पत्ता लागतो. खाजगीपणा जपणारे लोक, म्हणजे मातोमो निवडणारे बहुतेक लोक, त्या पत्त्याचे शेवटचे बाइट पुसून साठवतात. मग नंतरच्या शोधाला आधीची अचूकता कुठून येणार? शिळ्या फाइलने केलेली चूक अशी कायमची कोरली जाते. ज्या यंत्रावर एकसारखेपणासाठी फाइल गोठवली, तिथे आपण चूकही तितक्याच एकसारखेपणाने साठवत जातो.

परवान्याचेही तसेच. डीबी-आयपीबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे, पण सगळे डीबी-आयपी वापरत नाहीत. मॅक्समाइंडने ३० डिसेंबर २०१९ पासून जिओलाइट२साठी खाते आणि परवान्याची किल्ली बंधनकारक केली. कारण कॅलिफोर्नियाचा ग्राहक-गोपनीयता कायदा दोनच दिवसांनी लागू होत होता, आणि पत्ता काढून टाका असे कुणी सांगितले तर तो जुन्या प्रतींतूनही जायला हवा होता. नवी फाइल आली की जुनी तीस दिवसांत नष्ट करा, असे त्यांच्या अटींत आहे. निक्समध्ये जुन्या पिढ्या मुद्दाम राखल्या जातात, कारण मागे परतता येणे हेच तर त्याचे बलस्थान. तीच सोय इथे अटीचा भंग ठरते. ज्या डेटात माणसांचा माग असू शकतो तो पुसता येण्याजोग्या जागी ठेवणे हे मला नुसते सोयीचे वाटत नाही, ते कर्तव्य वाटते.

तुमच्या बाजूची एक गोष्ट मात्र मी खुशाल मान्य करतो. ज्या यंत्राला बाहेर जायची परवानगीच नाही, तिथे पॅकेजमधली फाइलच बरी. पण त्यासाठीही पाथ बाहेरच हवा. बाहेरच्या फोल्डरातून स्टोअरमधल्या फाइलकडे एक सिमलिंक केली की झाले. पाथ बाहेर असेल तर दोन्ही रीती चालतात. तो आत असेल तर एकच चालते.

पूर्वपक्ष : तुम्ही अचूकतेवर फार भार देता. ही फाइल मुळातच अंदाजाची आहे. अमेरिकेत कान्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतावर लोक आणि पोलीस वर्षानुवर्षे येऊन धडकत होते, कारण जागा नक्की ठाऊक नसलेले साठ कोटींहून जास्त आयपी पत्ते मॅक्समाइंडने देशाच्या मध्याजवळच्या अक्षांश-रेखांशांच्या एका गोल आकड्यावर टाकले होते आणि तो बिंदू नेमका त्या शेतावर पडत होता. आपल्याकडे मोबाइलवरून वाचणाऱ्याचा पत्ता तो कुठे बसला आहे हे सांगत नाही, कंपनीचे गेटवे कुठे आहे ते सांगतो. गडचिरोलीचा वाचक मुंबईचा दिसू शकतो. मग अशा फाइलच्या ताजेपणासाठी दर मोठ्या आवृत्तीला पॅच नव्याने बसवत राहायचा का?

उत्तरपक्ष : कान्ससचे उदाहरण माझ्या बाजूने बोलते. ते २०१६मध्ये पत्रकार कश्मीर हिल यांनी उजेडात आणले, आणि मग मॅक्समाइंडने तो बिंदू विचिटा शहराच्या पश्चिमेच्या एका तळ्यात हलवला. ही दुरुस्ती कुणापर्यंत पोहोचली? ज्यांची फाइल बदलत होती त्यांच्यापर्यंत. ज्यांनी ती गोठवली होती त्यांच्या यंत्रात ते शेत तसेच राहिले. मोबाइलबद्दलचे तुमचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून भारतातल्या वाचकांच्या बाबतीत मी शहराच्या आकड्यावर विसंबणार नाही, देशाच्या आकड्यावर विसंबेन. पण फाइल सापडलीच नाही तर काय होते ते पाहा. मातोमो थांबत नाही, ओरडतही नाही. ते ब्राउझरच्या भाषेवरून देशाचा अंदाज बांधते. पुण्यात बसलेल्या माणसाच्या ब्राउझरची भाषा अमेरिकी इंग्रजी असेल, आणि आपल्याकडे कित्येकांची तशीच असते, तर तो अमेरिकेत गणला जातो. आलेख भरलेला दिसतो, रंगीत नकाशा दिसतो, आणि मराठी वाचकवर्गाचा मोठा भाग परदेशी झालेला असतो. परदेशातल्या मराठी वाचकांसाठी काही करावे का, हा निर्णय एखादे मासिक या आकड्यांवरून घेणार असेल, तर ही चूक थेट संपादकाच्या टेबलावर येऊन बसते. अचूकता कमी असणे आणि चूक दिसतच नसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पॅच सांभाळण्याचा बोजा मी नाकारत नाही. मूळ प्रकल्पानेच ही ओळ बदलावी, हे केव्हाही चांगले. पण पॅचने परकी कल्पना घुसवली आहे हे खरे नाही. कॉन्फिगरेशन आणि तात्पुरत्या फाइला प्रोग्रॅमच्या फोल्डराबाहेर ठेवण्यासाठी मातोमोमध्ये आधीच एक स्थिरांक आहे : पिविक-युजर-पाथ. जुने नाव त्याच्यात अजून जिवंत आहे. निक्सचे पॅकेज सुरुवातीच्या बूटस्ट्रॅप फाइलमध्ये तो स्थिरांक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वाचते, म्हणजे ती फाइल स्वतः रीड-ओन्ली राहूनही चालू वेळी फोल्डर ठरवता येते. कॉन्फिगरेशन बाहेर गेले, तात्पुरत्या फाइला बाहेर गेल्या, भूस्थानाची फाइल तेवढी आत राहिली होती. पॅच मूळ लेखकांचाच विचार त्या राहिलेल्या फाइलपर्यंत नेतो.

पूर्वपक्ष : मग ती '/व्हार/कॅश'मध्ये जायला हवी. पुन्हा उतरवता येणारी फाइल म्हणजे कॅशच की. '/व्हार/लिब'मध्ये ठेवून तुम्ही बॅकअप उगाच फुगवता. आणि पाथ एन्व्हायर्नमेंटवर टांगला की तो एके दिवशी कुठेतरी गळून पडणार, आणि तेही गुपचूपच होणार.

उत्तरपक्ष : कॅशची कसोटी फक्त पुन्हा मिळण्याची नाही. कॅश केव्हाही पुसली तरी माहिती गमावता कामा नये, अशी ती आहे. इथे फाइल पुसल्यापासून नवी येईपर्यंत नोंदलेल्या सगळ्या भेटींवर भाषेच्या अंदाजाचा देश कोरला जातो, आणि वर पाहिले तसे तो परत दुरुस्त होईलच असे नाही. म्हणून ती जागा '/व्हार/लिब'. बॅकअपमधून ही एक फाइल वगळायची तर खुशाल वगळा.

दुसरी भीती खरी आहे. पीएचपी-एफपीएम बाय डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट साफ करून मगच पीएचपी चालवते. व्हेरिएबल पूलच्या कॉन्फिगरेशनमध्ये स्पष्ट लिहिले नाही तर वेब प्रक्रियेला ते दिसतच नाही. त्याच वेळी रात्रीचे अहवाल तयार करणारी कन्सोल आज्ञा वेगळ्या मार्गाने सुरू होते, आणि नवी फाइल उतरवण्याचे नियोजित काम बहुधा तिच्याबरोबर चालते. एकीला व्हेरिएबल मिळाले आणि दुसरीला नाही, तर उतरवणारी एका फोल्डरात ठेवते आणि वाचणारी दुसऱ्यात शोधते. दोघींना तेच मूल्य देणे हे सेवेची व्याख्या लिहिणाऱ्याचे काम आहे आणि ते एकाच जागी लिहावे. शिवाय नवी फाइल आधी त्याच फाइलसिस्टिममध्ये वेगळ्या नावाने उतरवून, तपासून, मग तिचे नाव बदलावे. '/टीएमपी'मधून आणली आणि ते वेगळ्या फाइलसिस्टिमवर असले तर नाव बदलण्याच्या जागी नक्कल होते, आणि नक्कल अर्धवट असताना वाचणाऱ्याच्या हाती तुटकी फाइल लागते.

राहिले गुपचूप गळून पडणे. त्यावर पहारा ठेवता येतो, पण फाइलच्या तारखेवर ठेवू नये. स्टोअरमधल्या प्रत्येक फाइलची तारीख निक्स १ जानेवारी १९७० करून ठेवते, म्हणून बिनइंटरनेटच्या यंत्रावर सिमलिंकच्या पलीकडे तीच दिसेल. बाहेरच्या फाइलची तारीख नक्कल करताना बदलू शकते. या फाइलच्या शेवटी तिची स्वतःची माहिती असते आणि तीत बांधणीचा क्षण बिल्ड-इपॉक या नावाने सेकंदांत नोंदलेला असतो. पहारेकरी स्क्रिप्टने वेब प्रक्रियेच्याच खात्याने, वेब प्रक्रियेच्याच पाथवरून फाइल उघडावी, तो आकडा वाचावा आणि तो पंचेचाळीस दिवसांपेक्षा जुना असेल तर सूचना द्यावी. पाथ चुकला, परवानगी गेली, उतरवणे थांबले, यांतले काहीही झाले तरी याच एका तपासणीत ते सापडते.